पांढरी सात ते पांढरी चार

दुसऱ्या गेटवर मालगाडी आडवी उभी,
म्हणून सिद्राय भजंत्री पाऊण तास उशिरा आला
हुक्केरीच्या बसमधून उतरून चालत,
खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेला ट्रॉम्बोन.
शून्यमास. लग्नं नाहीत. ओठ वाळतात, म्हणाला.

मी पाच रेघांचा कागद पुढे केला.
त्यानं बोट ठेवलं सोळाव्या घरातल्या विरामावर:
"टीचर, हे काढा आधी.
लागतो तिथं मी दम घेतो की.
लिहून कशाला ठेवायचं?"

रेघा त्याला वाचता येत नाहीत.
नळी कितपत सारायची ते त्याला आकड्यांत कळतं,
एक म्हणजे घरात, सात म्हणजे हात पुरता ताठ.
सगळ्या सुरांखाली मी निळ्या पेन्सिलनं आकडे घातले.
चार दोघांचा सारखाच निघाला.
सातापाशी अडलो. त्याच्या शाळेतला सात वेगळा.
मग मी सात खोडून 'लांब' लिहिलं,
त्यानं खाली त्याच्या लिपीत 'उद्द'.
दोन्ही शब्द त्याच्या कोपरापेक्षा आखूड.

पियानो शाळेचा. माझ्याकडे आला तेव्हाच
मधली काळी दोन दबली की वर येत नव्हती.
टिळकवाडीतली दमट हवा, लाकूड फुगतं.
दुरुस्तीवाला मिरजेहून येणार होता. अजून येतोय.
खरं सांगायचं तर या रचनेची सुरुवात तिथून:
जो सूर माझ्याकडे मेलेला होता
तो प्रत्येक वेळी मी त्याला वाजवायला दिला.
त्याला वाटलं, टीचरना तिसरी जागा फार आवडते.
मी काही बोलले नाही.

मग आलं ते एकतिसावं घर.
पांढऱ्या सातपासून वरच्या पांढऱ्या चारपर्यंत
माझ्याकडे सात पट्ट्या. मोजून सात.
बोट एकीवरून उचलतं, दुसरीवर पडतं,
मधे नुसती फट.
त्यानं हात ताठ केला, फुंकलं,
आणि न उचलता, न पडता वर आला,
जसा कुणी झोपेत कूस बदलतो.
काळी एक कुठं संपली,
पांढरी दोन कुठं लागली,
मला ऐकूनही सांगता येईना.
या जिल्ह्यात रेघ म्हटली
की माणसं आवाज चढवतात.
माझी रेघ तिरकी, दोन टिंबांमधली, पेन्सिलची.
तीन वेळा खोडली. कागद फाटायला आला.

"ताळ्री," म्हणाला. थांबा जरा.
उठून त्यानं पियानोचं झाकण वर केलं,
वरची सुपारीची डबी, सहामाहीच्या वह्या बाजूला,
"खालचा तो पाय दाबून धरा. हात लावायचा नाही कशाला."
आणि कर्ण्याचं तोंड आत, तारांवर धरून
तोच 'लांब' ते 'घर' फुंकला.
थांबला.
पियानो चालूच होता.
मी बोट लावलेलं नव्हतं.
आतून तारा बोलत होत्या, हळू,
जिनं जिला ओळखलं तेवढीच,
काळी दोनसुद्धा,
पट्टी मेली होती, तार नव्हती.

"छलो ऐती," तो म्हणाला, स्वतःलाच.

हे कसं लिहायचं?
न वाजवता धरलेल्या सुरांना
पोकळ शंकरपाळी काढतात, एवढं शिकले होते.
काढल्या. सात शंकरपाळ्या,
एक जरा वाकडी, दिवाळीत होतात तशी.
त्यांच्यावरून ती तिरकी रेघ, आता एकाच झटक्यात.
आणि सोळाव्या घरातला विराम खोडला.
नंतर पुन्हा घातला, कंसात.

पावणेसातची बस. नळीतलं पाणी त्यानं
दारातल्या तुळशीच्या कुंडीत नाही, बाजूला झटकलं.
जाता जाता वळला:
"तुमचा तो पाय करकरतोय, टीचर.
पुढच्या खेपेला खोबरेल घेऊन येतो."

मी अजून ठरवलेलं नाही.
बत्तिसाव्या घरात, सगळं शांत झाल्यावर,
ती करकर येते.
तिच्यासाठी खूण शोधतेय.